मूक माहितीपटाची पाठशाळा : झिगा व्हर्टोव्ह, संकलन आणि ‘वाचन’

एखाद्या कलाकृतीपासून तंत्र शिकता येते, असे आपण सहज म्हणतो. परंतु या विधानात नेमके काय अभिप्रेत असते, याचा विचार क्वचितच केला जातो. छंदःशास्त्राचा ग्रंथ वाचून वृत्तांची लक्षणे पाठ होतात, पण ओवी कोठे थांबते आणि का थांबते, हे ओवीच शिकवते. चित्रपटाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक अवघड होतो. कारण पडद्यावर दिसते ती संकलनाची निष्पत्ती. संकलनाची क्रिया मात्र प्रेक्षकाच्या दृष्टीआड राहते. सांधा जितका बेमालूम, तितके कारागिराचे कौतुक, अशी मुख्य प्रवाहातील चित्रपटाची रीत आहे. या रीतीला छेद देणारी, आपले सांधे मुद्दाम उघडे ठेवणारी आणि म्हणूनच पाठशाळेचे काम करणारी एक कृती म्हणजे झिगा व्हर्टोव्हचा ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ (१९२९) हा मूक माहितीपट. या चित्रपटाचे तंत्र कोणत्या ऐतिहासिक परिस्थितीत घडले, ते आपल्याला काय शिकवते आणि शिकवताना काय लपवते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

व्हर्टोव्हचे मूळ नाव डेव्हिड कॉफमन. त्याचा जन्म १८९६ मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील बियावीस्टोक या गावी झाला. ‘झिगा’ म्हणजे युक्रेनियन भाषेत भोवरा आणि ‘व्हर्टोव्ह’ या नावात फिरणे या अर्थाचे रशियन क्रियापद दडलेले आहे. संगीताचे शिक्षण घेतलेल्या या तरुणाने आरंभी ध्वनींची नोंद आणि त्यांची जुळणी यांचे प्रयोग केले. १९१८ मध्ये तो मॉस्को येथील चित्रपट समितीत दाखल झाला आणि ‘किनो-नेदेल्या’ या साप्ताहिक वार्तापटाचे काम पाहू लागला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : व्हर्टोव्ह प्रथम कॅमेऱ्याजवळ गेला नाही. यादवी युद्धाच्या वेगवेगळ्या आघाड्यांवरून इतरांनी चित्रित करून पाठविलेल्या तुकड्यांची निवड करणे आणि त्यांचा क्रम लावणे, हे त्याचे पहिले काम होते. म्हणजे तो आधी वाचक होता, मग लेखक झाला.

त्या काळी रशियात कच्च्या फिल्मची तीव्र टंचाई होती. नवे चित्रण दुर्मिळ असल्याने जुन्याची फेरजुळणी करणे हा नाइलाज होता; आणि या नाइलाजातूनच संकलनाविषयीचा एक नवा विचार जन्मास आला. लेव्ह कुलेशॉव्हने आपल्या विद्यार्थ्यांसह केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. एकाच चेहऱ्याचा शॉट वेगवेगळ्या शॉटांशेजारी ठेवला असता प्रेक्षकाला त्या चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसू लागतात, हा त्यांतून निघालेला निष्कर्ष. एस्फिर शूब हिने १९२७ मध्ये जुन्या राजवटीतील चित्रफिती धुंडाळून रोमानोव्ह घराण्याच्या अस्तावरील चित्रपट उभा केला. सम्राटाच्या गौरवासाठी घेतलेली दृश्येच तिने त्याच्या विरोधात साक्षीला उभी केली. शॉटचा अर्थ शॉटमध्ये नसून त्याच्या शेजारात असतो, हे सूत्र या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी आहे. शब्दाचा अर्थ भेदांच्या व्यवस्थेत निश्चित होतो, असे मानणाऱ्या भाषाविचाराशी त्याचे साधर्म्य उघड आहे.

मात्र या नव्या विचाराला पहिला विरोध झाला तो सिद्धान्ताच्या पातळीवर नव्हे, तर संकलनाच्या टेबलावर. व्हर्टोव्हने पुढे सांगितलेली एक हकिगत या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्सारित्सिनच्या लढाईवरील एका प्रायोगिक पटासाठी त्याने काही शॉट अवघ्या पाच-दहा चौकटींचे ठरविले होते. जोडणीचे काम ज्या व्यक्तीकडे दिले, तिने ते तुकडे निरुपयोगी समजून बाजूला टाकले. व्यवसायाच्या रूढ संकेतांनुसार तो कचराच होता. एलिझावेता स्विलोव्हा ही तरुण संकलक व्हर्टोव्हकडे आली ती या प्रसंगानंतर. किशोरवयापासून चित्रपटाच्या प्रयोगशाळेत फिल्म हाताळत आलेल्या या स्त्रीला त्या ‘कचऱ्या’तील लय ओळखता आली. पुढे ती व्हर्टोव्हची पत्नी झाली. परंतु इतिहासलेखनात तिची ओळख बराच काळ तेवढीच राहिली, याचा विचार शेवटी करू.

१९२२ पासून व्हर्टोव्ह, स्विलोव्हा आणि व्हर्टोव्हचा धाकटा भाऊ, छायालेखक मिखाईल कॉफमन, हे ‘तिघांचे मंडळ’ म्हणून काम करू लागले. त्याच वर्षी ‘किनो-प्रावदा’ ही वार्तापटांची मालिका सुरू झाली आणि १९२५ पर्यंत तिचे २३ अंक निघाले. जाहीरनाम्यांतून व्हर्टोव्हने कथापटावर, नटांवर आणि नाटक-कादंबरीच्या उसनवारीवर कडाडून हल्ला चढविला. मानवी डोळा अपुरा आहे. कॅमेऱ्याचा डोळा त्याहून दूरचे, जलद आणि अनेक ठिकाणचे एकाच वेळी पाहू शकतो, ही त्याच्या ‘किनो-नेत्र’ सिद्धान्तामागील श्रद्धा होती. त्यातील दोन संकल्पना तंत्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली ‘अंतरा’ची. संगीतात दोन स्वरांमधील अंतर महत्त्वाचे, त्याप्रमाणे चित्रपटात दोन शॉटांमधील गतीचे, दिशेचे, प्रकाशाचे, आकारमानाचे अंतर महत्त्वाचे. दुसरी संकल्पना संकलनाच्या अखंडतेची. विषयाचे निरीक्षण सुरू होते तेव्हाच संकलन सुरू होते आणि ते चित्रणाच्या वेळी व चित्रणानंतरही चालूच राहते. संकलन हा चित्रपटनिर्मितीचा शेवटचा टप्पा नव्हे; ती पाहण्याचीच एक रीत आहे.

या भूमिकेचे एक प्रत्यक्ष उदाहरण ‘किनो-नेत्र’ (१९२४) या पटात सापडते. बाजारातील मांसापासून आरंभ करून व्हर्टोव्ह दृश्ये उलट्या क्रमाने चालवितो : आतडी पोटात परत जातात, कातडे अंगावर चढते आणि कापलेला बैल पुन्हा उभा राहून मागे चालू लागतो. ही निव्वळ चमत्कृती आहे काय? बाजारात वस्तू आपल्यासमोर येते तेव्हा तिच्यामागचे श्रम आणि तिचा भूतकाळ पुसलेला असतो. उलट गती तो भूतकाळ पुन्हा दृश्यमान करते. व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने १९१७ मध्ये अपरिचितीकरणाची संकल्पना मांडताना टॉलस्टॉयच्या एका घोड्याचे उदाहरण घेतले होते. त्या घोड्याच्या नजरेतून खासगी मालमत्ता ही विलक्षण गोष्ट वाटू लागते. व्हर्टोव्हने बैलाला परत उठवून मांसखरेदीची नित्याची क्रिया तशीच अनोळखी केली. येथे तंत्र आणि आशय वेगळे काढता येत नाहीत.

१९२७ च्या आरंभी व्हर्टोव्हला मॉस्कोतील सरकारी चित्रपटसंस्थेतून दूर करण्यात आले. पटकथा आधी लिहून सादर करण्यास त्याने दिलेला नकार हे त्यामागील एक कारण. पटकथा लिहिणे म्हणजे जे पाहावयाचे ते आधीच ठरविणे, अशी त्याची हरकत होती. त्याला आश्रय मिळाला तो युक्रेनच्या ‘वुफकू’ या चित्रपटसंस्थेत. ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’ तेथे तयार झाला आणि ८ जानेवारी १९२९ रोजी कीव्ह येथे प्रथम दाखविण्यात आला. त्यात कीव्ह, खार्कीव्ह, ओडेसा आणि मॉस्को येथील दृश्ये मिळून एकाच शहराचा एक दिवस घडतो. सुमारे ६८ मिनिटांच्या या पटात सतराशेहून अधिक शॉट आहेत. आरंभीच पडद्यावर जाहीर केले जाते की हा प्रयोग मधल्या पाट्यांशिवाय, पटकथेशिवाय, नेपथ्य आणि नटांशिवाय केलेला असून नाटक व साहित्य यांच्या भाषेपासून पूर्णतः मुक्त अशी चित्रपटाची सार्वत्रिक भाषा घडविणे हा त्याचा हेतू आहे.

या पटातील तीन स्थळे तंत्राच्या दृष्टीने पाठासारखी वाचता येतात.

पहिले स्थळ सकाळचे. झोपेतून उठलेली एक तरुणी तोंड धुऊन डोळ्यांची उघडझाप करते. खिडकीवरील पडद्याच्या पट्ट्या उघडतात, मिटतात. कॅमेऱ्याच्या भिंगाचे छिद्र लहानमोठे होते. पापणी, पट्टी आणि भिंग यांना जोडणारे कथानक येथे नाही. आहे ते केवळ क्रियेचे साम्य. ही उपमाच आहे, पण ‘जसे-तसे’ हे शब्द वगळलेली. हे शब्द पुरविण्याचे काम शॉटांची लांबी करते. तिन्ही क्रिया जवळपास एकाच लयीत आल्या नसत्या, तर साम्य लक्षात येऊनही जाणवले नसते. विद्यार्थ्याने येथे शिकावयाचे ते हे की साधर्म्याच्या संकलनात वस्तूंच्या आकाराइतकाच कालावधीचा मेळ निर्णायक असतो.

दुसरे स्थळ अधिक प्रसिद्ध आहे. मोटारीवर उभा राहून छायालेखक शेजारून धावणाऱ्या घोडागाडीतील स्त्रियांचे चित्रण करीत असतो. त्यांच्यातील एक त्याच्या हातदांडा फिरविण्याची नक्कलही करते. अकस्मात धावता घोडा थिजतो. त्यामागून स्त्रियांचे, म्हाताऱ्यांचे, मुलांचे चेहरे स्थिर छायाचित्रांसारखे येतात. मग दिसते कडेला छिद्रे असलेली फिल्मची पट्टी, विषयवार चिठ्ठ्या लावलेली फडताळे आणि टेबलावर वाकलेली स्विलोव्हा. ती एक पट्टी प्रकाशावर धरून पाहते, कापते, जोडते. आणि क्षणापूर्वी पट्टीवर निश्चल असलेला मुलाचा चेहरा पडदाभर हसू लागतो. गती ही फिल्ममध्ये नसते. स्थिर चौकटींच्या क्रमातून आणि प्रक्षेपणातून ती निर्माण होते, हे चित्रपटाचे मूलभूत सत्य येथे सिद्धान्त म्हणून सांगितले जात नाही, करून दाखविले जाते. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवीत. दांडा जलद फिरविला की पडद्यावर गती मंद होई, सावकाश फिरविला की वाढे. याच पटातील खेळाडूंच्या उड्या मंदगतीत दिसतात त्या अशाच. दुहेरी प्रतिमेसाठी भिंगाचा अर्धा भाग झाकून चित्रण करावयाचे, फिल्म कॅमेऱ्यातच मागे गुंडाळावयाची आणि दुसऱ्या खेपेस उरलेल्या भागाचे चित्रण करावयाचे. बोल्शॉय नाट्यगृहाची इमारत मधोमध दुभंगून स्वतःवरच कोसळते, ती याच जातीच्या युक्तीने. यात नाट्यगृहाविषयीचा शेरा आहे, हे सांगावयास नको.

तिसरे स्थळ श्रमाचे. सौंदर्यप्रसाधनगृहात केस धुतले जातात, त्याशेजारी कपडे धुणारे हात. दाढीचा वस्तरा परजला जातो, त्याशेजारी कुऱ्हाडीला धार. नखे रंगविली जातात, त्याशेजारी फिल्म जोडणारी बोटे आणि शिवणयंत्र. क्रिया सारखी, पण तिचे सामाजिक स्थान निराळे. पहिल्या स्थळी साम्य हे साम्यासाठी होते. येथे साम्य विरोध दाखविण्यासाठी वापरले आहे. संकलकाचे काम धुणे आणि शिवणे यांच्या पंक्तीत बसविले आहे, हे विशेष अर्थपूर्ण होय. कलावंत येथे द्रष्टा नाही, कामगार आहे.

आता व्हर्टोव्हच्या मूळ दाव्याकडे वळू. साहित्यापासून पूर्ण मुक्त अशी भाषा त्याला खरोखर साधली काय? १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘चित्रपटाचे काव्यशास्त्र’ या रूपवाद्यांच्या लेखसंग्रहात बोरिस आयखेनबाउम याने ‘अंतर्भाषण’ ही कल्पना मांडली. मूकपट पाहणारा प्रेक्षक वरवर निःशब्द असला, तरी शॉटाला शॉट जोडताना तो मनात सतत शब्दांचे दुवे पुरवीत असतो. या दृष्टीने पाहिल्यास पाट्या काढून टाकल्याने भाषा नाहीशी होत नाही; ती प्रेक्षकाकडे सोपविली जाते. वरील तीनही स्थळांचे विवरण करताना उपमा, विरोध, कर्ता, क्रिया ही परिभाषा आपल्याला वापरावी लागली, हा काही योगायोग नव्हे. व्हर्टोव्हने साहित्याचा विषय टाकला, कथानक टाकले, पात्र टाकले. परंतु वाचन टाकता आले नाही. उलट, त्याच्या प्रेक्षकाला अधिक काटेकोर वाचक व्हावे लागते.

समकालीनांनी या चित्रपटाचे स्वागत एकमुखाने केले नाही. आयझेनस्टाइनला त्यातील कॅमेऱ्याच्या करामती निष्कारण वाटल्या. श्क्लोव्हस्कीचा आक्षेप आधीचा, १९२६ मधील, परंतु अधिक खोल होता. वार्तापटातील शॉटाचे मोल त्याच्या स्थळकाळात असते. तो कोठला, केव्हाचा, कोणाचा हे पुसून त्याचा केवळ प्रतीक म्हणून उपयोग केला, तर दस्तऐवज उरतच नाही, असा त्याचा आशय. ज्याने अपरिचितीकरणाचा पुरस्कार केला, त्यानेच येथे ओळखीचा आग्रह धरावा, यात विसंगती नाही. वस्तू नव्याने दिसावी यासाठी आधी ती ‘ती’ वस्तू असावी लागते. चार शहरांचे एक शहर करणाऱ्या पटाला हा आक्षेप तंतोतंत लागू पडतो. कीव्ह, खार्कीव्ह आणि ओडेसा यांना मॉस्कोत मिसळून एक नामहीन ‘सोव्हिएत शहर’ निर्माण करणे १९२९ मध्ये संकलनाचे कौशल्य वाटले असेल; १९३२-३३ चा युक्रेनमधील दुष्काळ आणि २०२२ पासूनचे युद्ध ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या सांध्याकडे इतक्या निरागसपणे पाहता येणार नाही.

दुसरा प्रश्न नीतीचा. जीवन बेसावध अवस्थेत टिपावे, हा व्हर्टोव्हचा आग्रह. परंतु विवाह-घटस्फोट नोंदणीच्या कचेरीत एक स्त्री हातातील पिशवीने आपला चेहरा झाकून घेते. तो शॉट व्हर्टोव्हने ठेवला. तो ठेवण्यात प्रामाणिकपणा आहे, कारण कॅमेऱ्याची घुसखोरी त्यातून उघड होते. आणि निष्ठुरताही आहे, कारण तिचा नकारसुद्धा चित्रपटाचे साहित्य बनतो. याउलट, झोपलेल्या तरुणीचे चित्रण तिच्या संमतीशिवाय आणि पूर्वयोजनेशिवाय झाले असणे शक्य नाही. तेव्हा ‘बेसावध’ आणि ‘योजलेले’ यांच्यातील सीमा हा चित्रपट स्वतःच पुसट करतो. सर्वत्र पाहू शकणारा डोळा मुक्तिदायी आहे, ही १९२२ मधील श्रद्धा. तोच डोळा सत्तेच्या हाती पाळत ठेवणारा होतो, हे विसाव्या शतकाने शिकविले. कॅमेरा शिकणाऱ्याने भिंगाच्या छिद्राबरोबर या पिशवीचाही अभ्यास करावयास हवा.

चित्रपटनिर्मितीचीच क्रिया पडद्यावर आणण्याची कल्पना मराठी वाचकाला सर्वस्वी नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१७ मध्ये ‘चित्रपट कसे तयार करतात’ हा लघुपट केला होता आणि त्याआधी रोपाची वाढ एकेक चौकट घेऊन टिपण्याचा प्रयोगही केला होता. या दोहोंत प्रभावाचा संबंध शोधणे व्यर्थ होय. तुलना मात्र उपयुक्त आहे. फाळके आपली विद्या प्रेक्षकाला समजावून देतात. निर्मितीची हकिगत आणि निर्मित चित्रपट या त्यांच्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हर्टोव्हकडे निर्मितीची क्रिया निर्मित पटाच्या पोटात शिरते, आणि जे पाहतो आहोत ते या क्षणी घडविले जात आहे, असा भास उत्पन्न होतो.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. या पटानंतर मिखाईल कॉफमन आणि व्हर्टोव्ह यांचे फाटले. तिसरा भाऊ बोरिस फ्रान्समध्ये जॉं व्हिगोचा छायालेखक झाला. तिसाव्या दशकात रूपवाद ही शिवी ठरल्यावर व्हर्टोव्हची वाट अरुंद होत गेली. अखेरची वर्षे त्याने सरकारी वार्तापट जोडण्यात घालविली आणि १९५४ मध्ये तो निवर्तला. जॉं रूश आणि एद्गार मोरॅं यांनी साठीच्या आरंभी ‘सिनेमा-व्हेरिते’ ही संज्ञा ‘किनो-प्रावदा’वरून घेतली, आणि १९६८ नंतर गोदारने आपल्या गटाला व्हर्टोव्हचे नाव दिले. २०१४ मध्ये ‘साइट अँड साउंड’ नियतकालिकाने घेतलेल्या कौलात हा पट सर्वश्रेष्ठ माहितीपट ठरला.

या कीर्तीच्या कथेत स्विलोव्हा पुन्हा टेबलामागे जाते. १९४५ मध्ये ऑशवित्झची छळछावणी मुक्त झाल्यानंतर सोव्हिएत छायालेखकांनी तेथे केलेल्या चित्रणातून तिने एक माहितीपट सिद्ध केला. पट्टीवरील थिजलेल्या मुलाला १९२९ मध्ये हसते करणाऱ्या हातांपुढे आता अशा चौकटी होत्या, ज्यांना कोणतेही संकलन पुन्हा जिवंत करू शकत नव्हते. अशा सामग्रीत उलट गती नाही, चमत्कृती नाही; स्थळ आणि काळ सांगणे हेच पहिले कर्तव्य. श्क्लोव्हस्कीच्या आक्षेपाला याहून गंभीर उत्तर व्हर्टोव्हच्या सिद्धान्तातही सापडत नाही. पतीच्या निधनानंतर त्याची टिपणे आणि लेख जपून अभ्यासकांच्या हाती पोचविण्याचे कामही तिनेच केले. १९७५ मध्ये ती वारली. व्हर्टोव्ह आज वाचावयास मिळतो, तो बव्हंशी या दुसऱ्या संकलनामुळे.

आज दुहेरी प्रतिमा, थिजलेली चौकट, दुभंगलेला पडदा ही सारी तंत्रे खिशातील दूरध्वनीत तयार मिळतात. बोट टेकविले की परिणाम साधतो. पण तो कशासाठी साधावयाचा, हे यंत्र सांगत नाही. आमच्या विद्यार्थ्यांसमोर हा पट ठेवताना म्हणून एक साधा अभ्यास सुचवावासा वाटतो. वरील तीन स्थळांपैकी एक घ्यावे, त्यातील प्रत्येक शॉटाच्या चौकटी मोजाव्यात आणि प्रत्येक सांध्यापाशी आपण मनात कोणता शब्द पुरविला, तो लिहून काढावा. मग नोंदणी कचेरीतील त्या स्त्रीपाशी थांबून तोच प्रश्न विचारावा. तेथे पुरविलेला शब्द प्रत्येकाचा वेगळा असेल. आणि वर्गातील चर्चा तेथूनच सुरू करावी.